घाटात गाडी तापली म्हणून हेड खोलू देऊ नका

आमची घरगाडी म्हणजे जुन्या डिझेल मिनीबसमध्ये बिछाने, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवलेली. गोव्याहून येताना चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा लालला टेकायचा. कणकुंबी सोडून जांबोटीकडे गाडी पळायला लागली, की काटा आपोआप खाली. सगळं मर्म या एका खुणेत आहे.

हायवेलगतच्या एका गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं आणि नीट न बघताच सांगितलं, “सायेब, हेड गॅस्केट उडालंय. असंच नेलासा तर इंजिन जाम होतंय बघा.” (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गॅस्केट म्हणजे त्याखालची सांधा बंद ठेवणारी पट्टी.) सोबत पोरंबाळं, अंधार पडत आलेला. असली अडचण ही माणसं बरोबर हेरतात. फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), गॅस्केट, मजुरी धरून ३८,००० रुपये घेतले, हिशेब साध्या कागदावर. ‘जुनं गॅस्केट’ म्हणून एक काळंकुट्ट पान दाखवलं. बायकोनं त्याचा फोटो काढून ठेवला.

पुढच्या खेपेला चोर्ल्यात पुन्हा तेच.

बेळगावात उद्यमबागेतल्या एका वयस्क मिस्त्रींनी तो फोटो बघून विचारलं, “इंजिन चार सिलिंडरचं, मग गॅस्केटला भोकं तीनच कशी?” हेडच्या बोल्टांवर तेल-धुळीचा जुना थर तसाच होता, पाना लागल्याची खूणसुद्धा नाही. म्हणजे हेड खोललंच नव्हतं. इंजिन बंद करून त्यांनी फॅन हातानं फिरवला, तर तो गरगर फिरला. इंजिन गरम असताना तो जड फिरायला हवा. व्हिस्कस क्लच, म्हणजे इंजिन तापलं की फॅनला जोरानं फिरवणारा जोड, निकामी झाला होता. वर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत उसाचा पाला नि धूळ गादीतल्या कापसासारखी दाबून बसलेली. समोरून काही दिसत नव्हतं. घाटात भार जास्त, वेग कमी, म्हणजे हवा ओढायची ती एकट्या फॅननं. सपाटीला वारा आपसूक मिळतो.

हेड खरंच गेलं असेल तर पुरावा मागा. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केल्यावर पाण्यात बुडबुडे येतच राहतात का, ऑइल दुधाळ झालंय का, कुठं गळती नसताना कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतंय का, हे बघा. (गरम असताना झाकणाला हात लावू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.) हेड खोलायचंच तर डोळ्यांसमोर खोलायला लावा, फेसिंगवाल्याची चिठ्ठी आणि पक्कं बिल घ्या.

फोटो, तो कागद आणि पैसे दिल्याची फोनवरची नोंद जोडून आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. २०१९ च्या कायद्यानुसार मुदत २ वर्षांची, वकील लागत नाही आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. कुणाला असाच अनुभव आला असेल तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.