दहा महिने सॉफ्ट पेस्टल: सावळ्या त्वचेचे रंग शोधताना

गेल्या दसऱ्याला सॉफ्ट पेस्टलची पहिली पेटी घरी आणली. आता श्रावण संपत आलाय. मधल्या काळात लहानमोठी ४३ चित्रं झाली. त्यातले २१ चेहरे, बाकी मानवाकृती. विकत घेतल्याच्या आठवड्यातच लिहिलेले अनुभव मी खूप वाचले होते आणि त्यांवर विसंबून बरीच चुकीची खरेदीही केली. म्हणून हे एक पावसाळा पार पडल्यावर लिहितोय. आपल्याकडे रंगाच्या काडीची खरी परीक्षा पावसाळ्यातच होते.

पेस्टल म्हटलं की एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेतले तेलखडू आठवतात. ते मेण आणि तेलाचे. सॉफ्ट पेस्टल ही वेगळीच वस्तू. रंगाची भुकटी, थोडी खडूची किंवा पांढऱ्या मातीची भर आणि काडी हातात धरता येईल एवढाच डिंक, इतकंच त्यात असतं. कागदावर ओढली की भुकटी कागदाच्या दाण्यांत अडकून बसते. वाळायचं काही नसतं, त्यामुळे लावताना दिसतो तोच रंग राहतो. रांगोळीने व्यक्तिचित्रं काढणाऱ्यांना पहिल्याच दिवशी हे माध्यम ओळखीचं वाटेल. कोरडा रंग, थरावर थर, आणि फुंकर मारायची नाही.

माझं सामान असं: मुंग्योचा ६४ अर्ध्या काड्यांचा संच, दुसऱ्या एका कंपनीचा ३० काड्यांचा ‘पोर्ट्रेट’ संच, रेम्ब्रांट या ब्रँडच्या सुट्या घेतलेल्या ९ काड्या, फाबर-कास्टेलच्या १२ पिट पेस्टल पेन्सिली, कोळशाच्या कांड्या आणि घरात पडून असलेल्या जलरंगाच्या ट्यूबा. कागद मुख्यतः कॅन्सन कंपनीचा मी-तँत, १६० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन).

दहा महिन्यांनी पेटी उघडून कोणती काडी किती झिजली ते पाहिलं. माझ्या मते कुठल्याही संचाची याहून खरी परीक्षा नाही. गडद तपकिरी सगळ्यात आधी संपली, दोनदा नवी घेतली. इंडियन रेड (मातकट तांबडी) संपली. गडद जांभळी आणि शेवाळी हिरवी बोटभरही उरलेल्या नाहीत. यलो ऑकर (मातकट पिवळी) अर्धी. ‘पोर्ट्रेट’ संचातल्या ३० काड्यांपैकी १७ मात्र दुकानातून आल्या तशाच आहेत. त्या सगळ्या फिकट गुलाबी, पीच आणि दुधाळ पिवळ्या. गोऱ्या युरोपीय चेहऱ्यांसाठी त्या उत्तमच असतील, पण माझ्या घरात, गल्लीत आणि तालमीत त्या रंगाचं कुणी नाही.

संच कुठलाही असो, सावळ्या त्वचेचा रंग तयार काडीत मिळत नाही. तो कागदाच्या रंगातून आणि खालच्या थरातून वर आणावा लागतो. हे कळायला मला चार महिने लागले. सुरुवातीला मी पांढऱ्या कागदावर तपकिरी काडी घासायचो आणि उजेडासाठी वरून पांढरी ओढायचो. चेहरा पीठ फासल्यासारखा दिसायचा. सावळ्या त्वचेवर उजेड पडला की त्वचा पांढरी होत नाही. उजेडाच्या जागी आजूबाजूचा रंग येतो, मधल्या छटेत तांबूसपणा किंवा पिवळेपणा भरतो, आणि चमक लहान पण धारदार असते. सावलीत काळा टाकला की सगळा जीवच जातो. तिथे गडद जांभळा आणि त्यावर इंडियन रेडचा हलका हात, एवढ्यावर काम होतं.

हे मला खऱ्या अर्थाने शिकवलं तालमीने. वडील तालमीत घाम गाळलेले, त्यामुळे वस्तादांनी रविवारी सकाळी मागच्या भिंतीशी बसायची परवानगी दिली. मी शाळेत गणित शिकवतो, नग्नचित्रणाच्या वर्गाला बसायची संधी मला कधी मिळाली नव्हती. आणि इथे पहाटे साडेपाचला लंगोटातले वीस-पंचवीस देह, जोर-बैठका काढणारे, लढणारे, दमून मातीत पडलेले. लढत चालू असताना कोळशाने एकेका मिनिटाची रेखाटनं करायची. लढत संपली की पोरं अंगाला माती चोळून भिंतीला टेकून बसतात, तेव्हा दहा मिनिटं सलग मिळतात. दहा मिनिटांत पेस्टलइतकं काम दुसरं कुठलंच माध्यम देत नाही, ही माझी खात्री झाली आहे. पाणी नको, पॅलेट नको, काडी आडवी धरून ओढली की अख्खी पाठ एका हातात येते.

तालमीतली तांबडी माती लोहाच्या ऑक्साइडमुळे तांबडी असते. इंडियन रेड आणि बर्न्ट सिएना या काड्यांचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच. पैलवानाच्या खांद्यावरची माती मी अक्षरशः तिच्याच जातीच्या रंगाने काढत होतो. शिवाय पेस्टलचा पृष्ठभाग मुळातच कोरडा, चमक नसलेला, माती चोळलेल्या अंगासारखा. तैलरंगात हा कोरडेपणा आणायला कष्ट पडतात. इथे उलट घामाचे ओघळ दाखवायला कष्ट आहेत. त्यासाठी मऊ काडीच्या कडेने एकच रेघ ओढायची आणि तिला परत हात लावायचा नाही.

एका रविवारी सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा मागे येऊन उभा राहिला. त्याच्याच पाठीचं चित्र चाललं होतं. म्हणाला, “काका, माझ्या पाठीवर ह्यो निळा कुठनं आला?” मी त्याला दारातून दिसणारं आभाळ दाखवलं. उन्हं अजून आत आली नव्हती, आभाळाचाच उजेड त्याच्या घामावर पडत होता. शेजारी बसलेल्या दोस्ताच्या पाठीकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “हाय की खरंच.” हा फिकट निळा-राखाडी रंग आता माझ्या पेटीत कायम असतो. सावळ्या अंगावरच्या चमकेला पांढऱ्यापेक्षा तो फार चांगला बसतो.

चेहऱ्यांची पद्धत थोडी वेगळी. कपाळ पिवळसर, नाक-गाल-कान तांबूस, हनुवटीकडे किंचित हिरवट किंवा निळसर, हे तीन पट्टे आपल्या चेहऱ्यांतही असतात, फक्त जरा लपलेले. वस्तादांचा चेहरा काढताना कुस्तीत मोडलेल्या कानांनी मला सगळ्यात जास्त वेळ घ्यायला लावला. कानाच्या गाठीतून मागचा उजेड थोडा आरपार येतो, त्या जागी शुद्ध लाल लागतो. तो पेन्सिलीने जमला नाही, काडीचं टोक मोडून तयार झालेल्या धारेने जमला.

आता कामाचा क्रम. आधी कोळशाने रेखाटन, मग जास्तीचा कोळसा कापडाने झटकायचा, नाहीतर वरचे सगळे रंग मळतात. त्यावर जलरंगाचा पातळ हात: सावलीत जांभळट तपकिरी, उजेडात ऑकर. जलरंग कागदाच्या खोलगट भागातही शिरतो आणि दाणे मात्र मोकळे राहतात. पेस्टल त्या दाण्यांच्या माथ्यावर बसतं आणि फटींतून खालचा रंग दिसत राहतो. त्वचेचा जिवंतपणा मला याच फटींतून मिळाला. १६० जीएसएमचा कागद पाण्याने फुगतो, म्हणून चारही बाजूंनी टेप लावून बोर्डावर ताणून घ्यायचा. पाणी टाळायचं असेल तर पहिला पेस्टलचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या ब्रशने पसरवायचा. कागद फारसा फुगत नाही, दोन मिनिटांत वाळतो. खिडक्या मात्र उघड्या हव्यात आणि जवळपास निरांजनसुद्धा नको.

त्यानंतर कडक काड्या आधी, मऊ काड्या शेवटी. हा नियम मोडला की कागदाचे दाणे भरून जातात आणि पुढचा रंग घसरायला लागतो. मुंग्यो मधल्या थरांसाठी, रेम्ब्रांट शेवटच्या हातांसाठी आणि पेन्सिली फक्त डोळे, नाकपुड्या आणि ओठांच्या कडांसाठी. बोटाने घासणं मी जवळजवळ सोडलं आहे. पहिल्या थरात ठीक, पण वरच्या थरांत घासलं की चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत होतो. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात फ्रेंच चित्रकार शार्दँची १७७१ आणि १७७५ सालची स्वतःचीच पेस्टलमधली चित्रं आहेत. संगणकावर ती मोठी करून पाहा. म्हाताऱ्या गालावर रंगांचे सुटे फटकारे शेजारी शेजारी ठेवलेत, कुठेही चोळून एक केलेले नाहीत. अडीचशे वर्षांपूर्वीचं ते काम पाहून माझा हात सुधारला.

कागदाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते काड्यांपेक्षा खर्च इथे करावा. मी-तँतच्या एका बाजूला मधमाशांच्या पोळ्यासारखा ठसा असतो, दुसरी बाजू बारीक. चेहऱ्यासाठी बारीक बाजूच घ्यावी. पोळ्याचा ठसा गालावर उमटला की शेवटपर्यंत जात नाही. रंगात पांढरा टाळून तपकिरी, तांबूस राखाडी आणि शेवाळी घ्यावेत. मधली छटा कागदच सांभाळतो, आपण फक्त उजेड आणि अंधार टाकायचा. सँडेड कागद म्हणजे पॉलिश पेपरसारखा खरखरीत. तो थर भरपूर धरतो, पण महाग. सरावासाठी मी घरीच एक पर्याय केला: ३०० जीएसएमच्या जलरंगाच्या कागदावर चार चमचे गेसो (कॅनव्हासला अस्तर म्हणून देतात तो पांढरा रंग), एक चमचा वस्त्रगाळ पांढरी रांगोळी आणि चमचाभर पाणी यांचं मिश्रण, त्यात थोडा तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग. एक हात आडवा, वाळल्यावर एक हात उभा. दाणा सुरेख येतो. ब्रशचे ओरखडे मागे राहतात, पण मानवाकृतीत ते मला आवडतात. विकायच्या किंवा कुणाला भेट द्यायच्या चित्रासाठी मात्र मी तयार कागदच घेतो.

फिक्सेटिव्ह म्हणजे भुकटी कागदावर धरून ठेवणारा फवारा. त्याबद्दल माझं मत या दहा महिन्यांत बदललं. सुरुवातीला चित्र पूर्ण झालं की वरून भरपूर फवारायचो, आणि उजळ जागा डोळ्यांदेखत काळवंडायच्या. आता मधल्या थरांवर हलका फवारा मारतो, त्यामुळे भरलेल्या कागदाला पुन्हा थोडी पकड येते. शेवटचा उजेड त्यानंतर टाकतो आणि त्यावर काहीच मारत नाही. फ्रेंच चित्रकार देगाही थरांमध्ये फिक्सेटिव्ह मारून वर नवे थर चढवत असे, आणि मोनोटाइपच्या (पत्र्यावर रंगवून कागदावर दाबून घेतलेल्या) छापावर पेस्टल करत असे. मिश्र माध्यम हे आजचं खूळ नाही, एवढं त्यावरून कळतं. तेलखडू आणि सॉफ्ट पेस्टल एकत्र करून पाहिले, तीन चित्रांत तिन्ही वेळा चिखल झाला. तो नाद सोडला.

दोन नुकसानं झाली. पहिली आठ चित्रं मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून भिंतीतल्या कपाटात ठेवली होती. आषाढात काढली तर पाचांवर पांढऱ्या बुरशीचे ठिपके. कोल्हापूरच्या पावसात प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. आता चित्रांमध्ये बटर पेपर घालून पुठ्ठ्याच्या फोल्डरात आडवी ठेवतो, भिंतीपासून लांब, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. काड्यांची पेटीही तशीच. ओल लागलेली काडी कागदावर गुळगुळीत घसरते, ऊन दाखवलं की बरीचशी सावरते.

दुसरं नुकसान फ्रेमचं. एका फ्रेमवाल्याने वस्तादांचं चित्र माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) न लावता थेट अ‍ॅक्रिलिक शीटला भिडवलं. अ‍ॅक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि ती भुकटी ओढून घेते. उघडलं तेव्हा डावा गाल शीटवर उतरला होता. मला फार वाईट वाटलं, कारण ती बैठक परत मिळणारी नव्हती. पेस्टलला काचच लावा, आणि काच व चित्र यांत जाड माउंटची फट ठेवा. हे फ्रेमवाल्याला कागदावर लिहून द्या.

रंग उडण्याची एक चाचणीही केली. प्रत्येक काडीची रेघ एका पट्टीवर ओढून अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाकली आणि तीन महिने दक्षिणेच्या खिडकीत ठेवली. मातकट रंग जसेच्या तसे राहिले. ‘पोर्ट्रेट’ संचातल्या दोन गुलाबी आणि एक भडक जांभळी निम्म्यावर आल्या. तेव्हापासून रंगद्रव्याचा क्रमांक छापलेल्या काड्याच विकत घेतो.

धुळीला हलक्यात घेऊ नका. बोर्ड किंचित पुढे झुकवायचा म्हणजे भुकटी खाली पडते, खाली ओल्या कागदाची पट्टी ठेवायची, मास्क लावायचा, फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. काही काड्यांत कॅडमियमसारखी विषारी द्रव्यं असतात. घरात लहान मूल असेल तर हे काम वेगळ्या खोलीतच करा.

नव्याने सुरू करणाऱ्याला ६४चा संच लागत नाही. सुट्या बारा काड्या पुरतील: दोन गडद तपकिरी, इंडियन रेड, बर्न्ट सिएना, ऑकर, गडद जांभळी, शेवाळी, गडद निळी, निळी-राखाडी, शुद्ध लाल, फिकट पिवळी आणि एक दुधाळ. उरलेल्या पैशांचा रंगीत कागद घ्या.

सध्या आईचं चित्र चालू आहे. दुपारी गॅलरीत लसूण सोलत बसते, तेव्हा वीस मिनिटं मिळतात. चार बैठका झाल्या. गडद तपकिरी मी-तँतवर काम आहे आणि डोळ्यांखालच्या सावलीला अजून काहीच लावलेलं नाही, तिथे कागदाचाच रंग आहे. काल तिने जवळ येऊन पाहिलं आणि म्हणाली, “इथं रंग द्यायचा राहिलाय बघ.” मी म्हटलं, “नाही आई, तिथला झालाय.”