वाचनाची नोंद कशात ठेवावी : वही, तक्ता की ॲप?

कधी रहस्यकथा, कधी चरित्र, मध्येच एखादा कवितासंग्रह असे संमिश्र वाचन करणाऱ्याने नोंद ठेवायचे ठरवले की पहिला प्रश्न साधनाचा येतो. वही, संगणकावरचा तक्ता आणि ॲप हे तिन्ही पर्याय मी वापरले आहेत. सवडीने वाचणाऱ्यासाठी माझा कौल वहीला आहे, पण तो प्रत्येकाला लागू पडेल असे नाही.

ॲपची सोय नाकारता येत नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलेल्या गुडरीड्स या ॲपवर मलपृष्ठावरचा बारकोड स्कॅन केला की शीर्षक, लेखक आणि पृष्ठसंख्या बहुधा आपोआप भरली जाते. अडचण आहे ती ताऱ्यांची. तेथे दोन ताऱ्यांचा अर्थ ‘ठीक होते’ असा दिलेला आहे, परंतु पाचपैकी दोन म्हटले की मनात येते ती नापसंतीच. त्याहून मोठी अडचण अशी, की रहस्यकथेला आणि कवितासंग्रहाला दिलेले चार-चार तारे पुढे सारखेच दिसतात. एका पुस्तकाने रात्रभर जागवले आणि दुसऱ्यातली एकच ओळ मनातून गेली नाही, हा फरक त्यात कुठेही उरत नाही. स्टोरीग्राफ या दुसऱ्या ॲपवर पाव ताऱ्यापर्यंत गुण देता येतात, पुस्तकाचा भाव आणि गती निवडता येते आणि अर्धवट सोडलेले पुस्तक तसे नोंदवता येते. वेगवेगळे साहित्यप्रकार वाचणाऱ्याला ते अधिक न्याय देते, म्हणून ॲपच हवे असेल तर मी हेच सुचवेन.

तक्ता हा मधला मार्ग आहे आणि ज्यांना मागचे शोधून काढण्याची गरज वारंवार पडते त्यांच्यासाठी तो उत्तम आहे. साहित्यप्रकाराचा रकाना मात्र हाताने टंकू नये, ठरावीक यादीतून निवडण्याची सोय करावी. अन्यथा ‘आत्मचरित्र’ आणि ‘आत्मकथन’ असे दोन गट पडतात आणि गाळणी (फिल्टर) लावल्यावर निम्मी पुस्तके दिसेनाशी होतात.

वहीत यांपैकी काहीच आपोआप होत नाही, आणि माझ्या मते तिचे बळ त्यातच आहे. रिकामी ओळ समोर असली की काहीतरी लिहावेच लागते. माझ्या वहीतली एका रहस्यकादंबरीची नोंद अशी आहे : ‘खुनी पाऊण पुस्तकातच ओळखू आला, तरी म्हाताऱ्या नोकराचे पुढे काय होते यासाठी शेवटपर्यंत वाचले.’ या एका वाक्यामुळे मला पुढचे पुस्तक निवडता आले, कारण मला कोड्यापेक्षा माणसांत अधिक रस आहे हे त्यातून स्पष्ट झाले. ताऱ्यांनी हे कधीच सांगितले नसते.

वहीत शोधाशोध अवघड जाते हे खरे, परंतु त्यावर जुना उपाय आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६८६ मध्ये टिपणवहीच्या सूचीची एक पद्धत प्रसिद्ध केली होती, जिच्यात विषयशब्दाचे पहिले अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून पृष्ठक्रमांक लावले जात. आपल्याला एवढे काटेकोर होण्याची गरज नाही. सुरुवातीची दोन पाने सोडून साहित्यप्रकारानुसार पृष्ठक्रमांक लिहीत गेले तरी पुरते.

वर्षाला शंभराच्या आसपास पुस्तके वाचणाऱ्यांनी किंवा मित्रांच्या नोंदी पाहून पुस्तके निवडणाऱ्यांनी वहीच्या मागे लागू नये. त्यांनी ॲप घ्यावे आणि अधूनमधून आपली यादी सीएसव्ही स्वरूपात (तक्त्याची मजकूर म्हणून साठवलेली साधी फाइल) उतरवून ठेवावी. ती फाइल थेट एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरी अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसू शकतात, म्हणून ती डेटा मेनूतून आयात करून यूटीएफ-८ हा अक्षरसंकेताचा पर्याय निवडावा.