पेन्शनीला आल्यावर माजी सैनिकांसाठी काम: सरकारी पद, ईसीएचएस की संघटना?

जवान बहुधा ३५ ते ४० व्या वर्षी घरी येतो. दुसरी नोकरी धरावीच लागते. ती आपल्याच लोकांच्या उपयोगाची असावी असं वाटत असेल, तर महाराष्ट्रात तीन वाटा आधी पाहाव्यात.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटकाचं पद असतं आणि ते माजी सैनिकांमधूनच भरतात. पगार सरकारी, तहसीलमध्ये शब्दाला वजन. पण जागा मोजक्या, परीक्षा द्यावी लागते, आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. सैनिकांसाठीचा ध्वजदिन निधी गोळा करायची धावपळ वेगळीच.

ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना २००३ पासून चालू आहे. तिच्या पॉलिक्लिनिकमध्ये कारकून, ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट अशा जागा माजी सैनिकांना मिळतात, पण कंत्राटी. औषध आलेलं नसलं की म्हाताऱ्या सुभेदारसाहेबांचा राग खिडकीवरच्या माणसावर निघतो. मेडिकल कोअरमधून आलेल्यांनी खुशाल जावं. बाकीच्यांनी कंत्राटाची मुदत बघून.

तिसरी वाट तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेची. पगार शून्य, पण खरी अडचण इथेच कळते. सगळ्यात जास्त घोळ नावांचा. लग्नात बायकोचं नाव बदललेलं. आधारवर एक, पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) दुसरं. जवान हयात असताना रेकॉर्ड ऑफिसकडून (जवानाच्या सेवेची नोंद ठेवणारं लष्करी कार्यालय) दुरुस्ती करून घेणं तुलनेनं सोपं. तो गेल्यावर त्याच बाईला कुटुंब निवृत्तिवेतनासाठी एकेक कागद जमवत फिरावं लागतं. कुणाचा हयातीचा दाखला राहतो, कुणाला ‘स्पर्श’ या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर लॉगिन जमत नाही. ज्याला अर्ज नीट लिहिता येतो आणि पाठपुराव्याचा कंटाळा नाही, तो एकटाही बरीच घरं मार्गी लावतो. अपंगत्व पेन्शनच्या दाव्यात मात्र शब्द देऊ नका. ते प्रकरण सशस्त्र सेना न्यायाधिकरणापर्यंत जाऊ शकतं, तिथं वकीलच हवा. आणि काही संघटना निवडणुकीच्या तोंडावरच जाग्या होतात, त्यांच्यापासून चार हात लांब.

माझं मत विचाराल तर पोटापाण्याला दुसरी नोकरी धरा, संघटनेचं काम रविवारी करा आणि कल्याण संघटकाची जाहिरात निघाली की अर्ज भरा. माजी सैनिक म्हणून नाव नोंदवायला जिल्हा कार्यालयात जालच, तेव्हा तिथल्या संघटकाबरोबर एक दिवस गावोगाव फिरायला मिळतं का ते विचारा. आणि दुसऱ्याचे कागद हातात घेण्याआधी स्वतःच्या पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्करातल्या कुटुंबाच्या नोंदी, तपासा: बायकोचं नाव, मुलांच्या जन्मतारखा.