'प्रवासाचा हक्क' संच: छपाई झकास, कायदा अर्धवट

अमेरिकेतल्या भाच्याने हा संच ऑनलाइन मागवला. प्रवास हा हक्कच आहे, तेव्हा खासगी गाडी लायसन्सशिवाय चालवा, म्हणे! आत नंबरप्लेटच्या मापाची 'खासगी प्रवासी, भाड्याने नाही' अशी पाटी, पोलिसांपुढे धरायचं प्रतिज्ञापत्र आणि निकालांच्या उताऱ्यांची पुस्तिका. पाटीच्या कडा मात्र छान गुळगुळीत.

खोट उताऱ्यांत आहे. व्हर्जिनियातला १९३० चा थॉम्पसन विरुद्ध स्मिथ खटला ठळक छापलाय: रस्त्यावरून गाडीने जाणं हा नागरिकाचा हक्क. त्याच निकालात पुढे, परवाना देणं किंवा काढून घेणं हा वाहतुकीच्या नियमनाचाच भाग, असंही आहे. ते बरोब्बर गाळलंय. १९१५ चा हेंड्रिक विरुद्ध मेरीलँड तर औषधालाही नाही. राज्यं वाहनांची नोंदणी आणि चालकांचे परवाने सक्तीचे करू शकतात, असं त्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचा हक्क खराच, पण तो बसमध्ये बसूनही बजावता येतो की!

दोन तारे, दोन्ही छपाईला. पैसे परत मागितले तर उत्तर आलं: 'हा कायदेशीर सल्ला नाही' असं शेवटच्या पानावर लिहिलंय. लिहिलंय खरं, भिंगातून दिसतं.