अल्फा बेड, सात महिन्यांनंतर: गादीचा दोष किती, वॉर्डाचा किती

नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात आई १८ दिवस अल्फा बेडवरच होती. अल्फा बेड म्हणजे सतत पडून राहणाऱ्या पेशंटला दाबाने जखमा (बेडसोअर) होऊ नयेत म्हणून घालायची, पंपावर चालणारी हवेच्या फुग्यांची गादी. बिलात गादीचं भाडंही आहे. तरी घरी आणली तेव्हा माकडहाडावर सुपारीएवढी जखम होती आणि डिस्चार्ज कार्डात तिचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. तशीच गादी घरी घेतली. जखम भरली, नवी झाली नाही. म्हणजे गादी निकामी नव्हती, ती वापरायची पद्धत चुकत होती.

फुगे आळीपाळीने फुगतात आणि बसतात, म्हणून एकाच जागी सतत दाब राहत नाही. पण अंगाचं वजन कुठे जात नाही. गादी असली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. 'अल्फा बेड आहे ना, मग कशाला वळवायचं' हे उत्तर ड्यूटीवरच्या सिस्टरकडून ऐकलं, तर तिथेच हरकत घ्या.

पंपाचं बटण पूर्ण घट्टवर ठेवणं ही वॉर्डातली नेहमीची चूक. माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी तळहात सरकवून बघा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे, मध्ये इंचभर हवा जाणवली तर बरोबर. दगडासारखी टणक गादी साध्या गादीपेक्षा बरी नाही. वर एकच सैल चादर हवी. रबरी शीट, घडी घातलेली चादर आणि जाड डायपर असा थर चढवला की फुग्यांचा उपयोग संपला. आणि पंपाचा प्लग काढून तिथे मोबाईल चार्जिंगला लावलेला नाही ना, हे भेटीच्या वेळी आधी पाहा. हसू नका, हे होतं.

पूर्ण कुशीवर झोपवू नये, खुब्याचं हाड टेकतं. पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवायचं. गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. टाचांना ही गादी फारशी वाचवत नाही. पेशंट खाली घसरला की काखेत हात घालून ओढतात, त्यात कातडी आतून फाटते. दोघांनी आडव्या चादरीने उचलूनच वर घ्यायचं. नाकातल्या नळीने फीड देताना डोकं ३० ते ४५ अंश वर हवं आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसंच, पण आधी गुडघ्याकडची बाजू उचला, मग डोकं. घसरणं थांबतं.

लाल डाग बोटाने दाबून पांढरा झाला नाही, तर ती जखमेची पहिली पायरी. त्यावर मालिश, स्पिरिट, पावडर काही नको. खाली हवेची गोल रिंगही नको, कडेचा रक्तपुरवठा तुटतो.

आता गादीच्या तक्रारी. वैशाखात रेक्झिनवर घामाची तळी साचते. पंपाची घरघर रात्री ऐकू येते. खाटेच्या सांध्यात नळी दुमडते आणि अर्धी गादी बसते. वीज गेली की नळ्या पंपातून काढून दुमडून चिमटा लावा. पंपाला वीज थोडीच लागते, छोटा इन्व्हर्टर पुरतो. भाड्याने घेताना अर्धा तास चालवून जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर दुसरी मागा. जखम खोल असेल तर फुग्यांची नको, आडव्या नळ्यांची उंच गादी घ्या.

रुग्णालयात भरती करतानाच पाठ, कंबर, टाचा सिस्टरसमोर तपासून 'त्वचा शाबूत' असं केसपेपरवर लिहून घ्या. कूस बदलल्याचा तक्ता खाटेला लावायला सांगा. सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच हाताने भरलेल्या दिसल्या तर लगेच फोटो काढा. नोंदी लेखी मागितल्या की ७२ तासांत द्याव्या लागतात. अर्जात नुसतं डिस्चार्ज कार्ड लिहू नका. नर्सिंग नोट्स, पोझिशन चार्ट आणि गादीच्या भाड्याचं तारीखवार बिल असं नाव घालून मागा.