मानवी तस्करीविषयीची जनजागृती कार्यशाळा: एक अभिप्राय

साखळदंडांची भडक चित्रे टाळून प्रशिक्षिकेने नोकरीची एक साधी जाहिरात पडद्यावर दाखवली आणि तिच्यात मालकाचे नाव, कामाचे ठिकाण वा करार यांचा पत्ता नसताना प्रवासखर्च मात्र आगाऊ देऊ केला आहे, हे आमच्याकडूनच शोधून घेतले. २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलनुसार, म्हणजे मानवी तस्करीविरोधी संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार, तस्करी ठरण्यासाठी कृती (जसे भरती वा वाहतूक), साधन (जसे फसवणूक वा बळजबरी) आणि शोषणाचा हेतू हे तिन्ही घटक लागतात, परंतु १८ वर्षांखालील मुलांबाबत फसवणूक किंवा बळजबरी सिद्ध करण्याची गरज नसते, हा भेद मला येथे प्रथमच नीट उमगला. वेठबिगारीला मात्र जेमतेम दहा मिनिटे मिळाली, हे खटकले. संशयितासमोर पीडित व्यक्तीची विचारपूस करू नये, ही कळीची सूचनाही उठता उठता दिली गेली.