झेडपीची शाळा की इंग्रजी माध्यम? आधी मुलाचा आठवडा बघा

तालुक्याच्या गावाजवळ राहणाऱ्या आईबापांपुढे दरवर्षी हाच पेच असतो. पोराला पहिलीत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचं, की पिवळ्या बसने जाणाऱ्या इंग्रजी माध्यमात? सगळी चर्चा फी, माध्यम आणि 'पुढे काय' एवढ्यावरच अडकते. सहा वर्षांच्या मुलाचा सोमवार ते शनिवार कसा जातो, हे फारसं कुणी विचारत नाही. मला तर पहिली ते चौथीसाठी तेवढंच महत्त्वाचं वाटतं.

सकाळपासून सुरू करू. झेडपीची प्राथमिक शाळा साधारण किलोमीटरभराच्या आत असते. मूल चालत जातं, वाटेत दोन मित्र गोळा करतं. बसवाल्या शाळेत शेवटच्या थांब्यावरच्या मुलाचा दिवस सर्वांच्या आधी उजाडतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असं सरकारने 2024 मध्ये सांगितलं. पण लहान-मोठ्यांची बस एकच असली तर हे पाळणं अवघड जातं. तेव्हा शाळा किती वाजता भरते यापेक्षा बस तुमच्या दारात किती वाजता येते, ते विचारा.

मग परिपाठ. झेडपीत राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, सुविचार, दिनविशेष, बातम्या हे सगळं मुलंच पाळीपाळीने चालवतात. पट पंचवीस-तीसचा असेल तर प्रत्येकाची पाळी वारंवार येते. अशा एका परिपाठात तिसरीतली मुलगी पेपर हातात धरून बातमी वाचत होती. 'अतिवृष्टी'वर ती अडली. मागच्या ओळीतून चौथीतल्या पोराने शब्द पुरवला, आणि ती न लाजता पुढे गेली. गुरुजींनी मान वर केली नाही. इंग्रजी शाळेतली असेंब्ली दिसायला देखणी असते, माइक असतो, सूत्रसंचालन असतं. पण पट पाचशेचा असला की माइकपर्यंत तीच चार-पाच धीट मुलं पोचतात. चारचौघांत बोलण्याची सवय हवी असेल तर छोटी शाळा सरस. इंग्रजी कानावर पडायला हवं असेल तर इंग्रजी शाळाच, त्यात वाद नाही. अर्थात बऱ्याच झेडपी शाळांत आता सेमी इंग्रजी आहे, गणित इंग्रजीतून चालतं. आणि इंग्रजी शाळेतही 2020 च्या कायद्याने मराठी सक्तीची झालेली आहे.

जेवणाबद्दल थोडक्यात. झेडपीत पोषण आहार असतो, पहिली ते पाचवीसाठी निकष 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनांचा. चव मात्र शिजवणाऱ्या ताईंच्या हातावर. इंग्रजी शाळेत डब्याचं वेळापत्रक येतं: सोमवारी पोळीभाजी, बुधवारी मोड आलेली कडधान्यं वगैरे. कागदावर छान दिसतं, पण राबणं आईच्या वाट्याला.

खरा फरक उपक्रमांत आहे. इंग्रजी शाळेत ते वेळापत्रकात छापलेले असतात: पीटीचे दोन तास, संगीत, नृत्य, चित्रकला, कॉम्प्युटर. त्या त्या विषयाचे वेगळे शिक्षक असतात आणि तास सहसा चुकत नाही. ही शिस्त कमी लेखू नका. पेटीवर सूर धरायला शिकवणारं माणूस दर गुरुवारी वर्गात येणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ते झेडपीत बहुधा मिळत नाही. कुरकुर दुसऱ्या टोकाला आहे. रात्री नऊला ग्रुपवर मेसेज येतो, उद्या येलो डे, मुलांना पिवळे कपडे घालून पाठवा, सोबत एक पिवळं फळ. मग बाप केळी शोधत बाहेर पडतो. डिसेंबर उजाडला की गॅदरिंगची प्रॅक्टिस सुरू होते आणि नृत्य सोडून बाकी सगळे तास हळूहळू गायब होतात. ड्रेसचं भाडं वेगळं.

झेडपीतले उपक्रम गावाच्या रहाटीला धरून चालतात. आषाढीला दिंडी, 15 ऑगस्टला प्रभातफेरी, हिवाळ्यात केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, क्रीडा स्पर्धा. त्या स्पर्धांसाठी शेवटचा तास सोडून मैदानावर लंगडी, खो-खो, कबड्डी. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, त्या दिवशी निम्म्या मुली नऊवारीत. मला सगळ्यांत आवडतो तो बाल आनंद मेळावा. मुलं घरून कोथिंबीर, बोरं, भेळ आणून दुकान मांडतात. दुसरीतला पोरगा पाच रुपयांची जुडी विकतो, समोरची आजी वीसची नोट देते आणि दोन जुड्या मागते. तो बोटं मोजतो, गल्ल्यात हात घालतो, दहा परत देतो, मग विश्वास नाही म्हणून पुन्हा मोजतो. वजाबाकीला याहून चांगला तास मी पाहिलेला नाही.

शनिवारी सकाळची शाळा. 2024 मध्ये सरकारने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला: खेळ, गोष्टी, कला, दप्तराला सुट्टी. कुठे तो खरोखर होतो, कुठे फोटो काढून ग्रुपवर टाकण्यापुरता. हे गुरुजींवर अवलंबून, आणि झेडपीचं दुखणंही तिथेच आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 60 पटापर्यंत दोन शिक्षक, म्हणजे दोघांत चार वर्ग. एकाला प्रशिक्षण, बैठक किंवा निवडणुकीच्या कामाला पाठवलं की उरलेला चारही वर्ग सांभाळतो. 'फळ्यावरचं उतरवून घ्या' एवढंच मग त्या दिवशी होतं. एक जागा रिकामी असेल तर अख्खं वर्ष तसंच जातं. अशा शाळेत मुलाला घालू नका, भिंती कितीही रंगवलेल्या असोत.

गृहपाठाचंही बघून घ्या. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, असं म्हटलंय. इंग्रजी शाळांत ते सर्रास मोडलं जातं. शिवाय आईबापांना इंग्रजी जमत नसेल तर पहिलीपासूनच ट्यूशन लागते. ती शाळा दुपारी लवकर सुटते, तेव्हा आई-वडील दोघंही शेतात किंवा कामावर असतील तर मधल्या वेळेचा प्रश्न उरतोच. झेडपीची शाळा साधारण पाचला सुटते. ही सोय हिशेबात धरायची राहून जाते.

माझं मत सांगतो. दोन्ही शिक्षक भरलेले आणि त्यातला एक तरी गावात रमलेला असेल तर चौथीपर्यंत झेडपी. तसं नसेल, घरी अभ्यास घेणारं कुणी असेल आणि बसचा प्रवास अर्ध्या तासाच्या आत असेल तर इंग्रजी माध्यम. शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांतून नंबर लागला तर फी लागत नाही, पण बस आणि गॅदरिंगचा खर्च आधीच विचारून घ्या.

झेडपीत प्रवेश जूननंतरही नाकारता येत नाही. त्यामुळे तिथे आरामात जा, पण 26 जानेवारीला नको, एखाद्या साध्या बुधवारी जा. तिसरीतल्या एखाद्या मुलाला विचारा, गेल्या शनिवारी काय केलं. इंग्रजी शाळेच्या जागा लवकर भरतात, म्हणून ती डिसेंबर-जानेवारीतच बघून घ्या. गॅदरिंगच्या धामधुमीत पहिलीचा गणिताचा तास होतोय का, तेही त्याच फेरीत कळेल.